संगणकाचा कारभारी

उन्हाळ्याचे दिवस होते. भोकरदनकडचे माझे धाकटे मावसभाऊ एके दिवशी भल्या सकाळी जालन्याला आमच्या घरी आले. पाणी पिऊन झाले, चहा झाला, आणि मग हळूच म्हणाले, "दादा, पोराचं ते यंत्र बिघडलं वाटतं. जरा बघायला येता का? कापसाचे पैसे घातलेत हो त्यात."

पोराचे यंत्र म्हणजे संगणक. खेळ खेळण्यासाठी म्हणून बाजारात जे खास दणकट संगणक मिळतात, त्यातला. एका बाजूला काच, आत पंखे आणि पंख्यांतून लाल-निळ्या-हिरव्या दिव्यांची रोषणाई. मुलगा रात्री त्यावर खेळ खेळे हे खरे. पण दिवसा त्याच यंत्रावर तो लग्नाच्या चित्रफितींची जुळणी करून देई आणि घराला चार पैसे मिळवून देई. हिवाळाभर सगळे सुरळीत चालले. मे महिना लागला, आणि जी फीत चाळीस मिनिटांत तयार व्हायची तिला दोन-दोन तास लागू लागले. आठवड्यात दोनदा तर यंत्र मध्येच पटकन बंद पडले. ऐन लग्नसराई! दोन घरची मंडळी फितीसाठी फेऱ्या मारीत होती. दुकानदाराने सांगितले, "उन्हाळ्यात असं व्हायचंच. पाण्याचा कूलर बसवून घ्या, बारा हजार पडतील."

मुलाचा प्रश्न मात्र वेगळाच होता. तो म्हणाला, "काका, दिवे तर सगळे लागतात. मग यंत्र बिघडलं कसं?"

श्रोतेहो, या एका प्रश्नात आजचा सारा विषय आला. त्या यंत्रातले दिवे, त्यातले पंखे, आणि जोडीला माऊस व कळफलक यांवर हुकमत चालवणारे जे सॉफ्टवेअर असते, ते नेमके करते काय? त्याच्यावर किती भिस्त ठेवावी? आणि आपल्या जालन्याच्या उन्हात त्याला कोणता हुकूम द्यावा? हे आज आपण पाहू. मावसभावांच्या यंत्राचे काय झाले, तेही शेवटी सांगतो.

पहिली गोष्ट उष्णतेची. संगणकाला आपण जी वीज देतो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. घरातली साधी इस्त्री साडेसातशे ते हजार वॅटची असते. खेळाचा चांगला संगणक भरात आला म्हणजे चारशे-पाचशे वॅट सहज खातो. २०२२ साली आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या एकट्या ग्राफिक कार्डाचा आकडा ४५० वॅटचा आहे, आणि २०२५ साली आलेल्या ५०९० चा ५७५ वॅटचा. म्हणजे टेबलाखाली अर्धी इस्त्री तापत ठेवली आहे असेच समजा. फरक इतकाच, की इस्त्रीला तापायचेच असते, आणि प्रोसेसरला तापून चालत नाही.

जालनेकरांना हे समजावून सांगायला फार लांब जायला नको. आपल्या औद्योगिक वसाहतीत सळईचे कारखाने आहेत, त्यांत विजेवर भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत. या भट्टीभोवती तांब्याचे वेटोळे असते. आता गंमत बघा. लोखंड वितळते १५३८ अंश सेल्सिअसला आणि तांबे वितळते १०८५ अंशांना. आत लोखंडाचे पाणी होत असताना बाहेरचे तांबे शाबूत राहते ते कशाने? तर ते वेटोळे पोकळ नळीचे असते आणि त्यातून सतत थंड पाणी फिरत असते. पाणी थांबले तर भट्टीची वीज आधी तुटावी, अशी व्यवस्था केलेली असते. लोखंड वितळवण्याइतकेच त्या पाण्यावर लक्ष ठेवणे महत्त्वाचे, हे भट्टीवरचा कोणीही कामगार सांगेल.

प्रोसेसरचेही तसेच आहे. त्यावर धातूचा ठोकळा, ठोकळ्याला पातळ पत्र्यांच्या पापुद्र्या, आणि त्यांवर वारा घालणारा पंखा. प्रोसेसरच्या पोटातच तापमान मोजण्याची सोय असते. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. या मर्यादेजवळ पोहोचला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर जळण्याआधी यंत्र स्वतःला बंद करून घेते. तेव्हा आमच्या पुतण्याचे यंत्र आधी मंदावले आणि मग बंद पडले, याचा अर्थ ते मोडले होते असा नव्हे. ते स्वतःचा जीव वाचवीत होते.

आता पंख्याला हुकूम कसा जातो ते पाहू. चांगल्या पंख्याला चार तारा असतात. एक जमिनीची, एक १२ व्होल्ट विजेची, एक पंख्याचा वेग कळवणारी आणि एक हुकमाची. वेग कळवणाऱ्या तारेवर दर फेऱ्याला दोन ठोके येतात. मिनिटाला बाराशे फेरे म्हणजे सेकंदाला वीस फेरे, म्हणजे चाळीस ठोके. यंत्र ते मोजते आणि पडद्यावर आकडा दाखवते. हुकमाच्या तारेवरचा इशारा सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद होत असतो. मोसंबीच्या बागेत आपण ठिबकची मोटर तासातून पंधरा मिनिटे चालवतो, पाऊण तास बंद ठेवतो. झाडाला सरासरीने पाव पाणी मिळते. इथेही हिशेब तोच. इशारा जितका वेळ चालू, तितका पंखा जोरात. फक्त हे इतक्या झपाट्याने होते की पंख्याला थांबल्याचे कळतही नाही, आणि कानालाही त्याची शीळ ऐकू येत नाही.

किती तापल्यावर किती जोरात फिरायचे, याचा जो तक्ता सॉफ्टवेअरमध्ये भरायचा असतो त्याला 'फॅन कर्व्ह' म्हणतात. आपण त्याला पंख्याची चढण म्हणू. आडव्या रेघेवर तापमान, उभ्या रेघेवर वेग, आणि मध्ये चार-पाच ठिपके. बस्स! कॉर्सेअरचे आयक्यू, आसूसचे आर्मरी क्रेट, एमएसआय सेंटर, एनझेडएक्सटी कॅम ही नावे आपल्या मुलांच्या तोंडी असतात. यांचा दर्शनी भाग कितीही झगमगीत असो, पंख्यांच्या बाबतीत पोटात काम हेच आहे.

कोणी विचारील, पंखे कायमचे पूर्ण वेगात का ठेवू नयेत? ठेवता येतात. पण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग शंभरावरून ऐंशीवर आणला तर वारा ऐंशी टक्के मिळतो, आणि शक्ती मात्र जवळपास निम्मी लागते. आवाज तर कानाला स्पष्ट जाणवेल इतका उतरतो. शिवाय जितका वारा तितकी धूळ आत. म्हणून शहाण्या माणसाने चढण आखावी, सरसकट दामटू नये.

आणि इथे आपल्या जिल्ह्याचा प्रश्न येतो. या चढणी पुष्कळदा मुले परदेशातल्या कोणाच्या तरी पाहून जशाच्या तशा उतरवतात. त्या माणसाच्या खोलीत वीस-बावीस अंश असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याखालच्या खोलीची कथा तर विचारूच नका. हिशेब साधा आहे. पंखा किंवा पाणी, काहीही वापरा, यंत्र खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. ते खोलीच्या वर किती अंश चढते, एवढेच आपल्या हातात असते. समजा, ठरावीक कामात प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंश वर चढतो. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असेल तर तो ६७ वर राहील. मेमध्ये खोली ४० वर गेली की तोच प्रोसेसर तेच काम करताना ८५ वर जाईल. आता त्यात धूळ साचली आणि ४५ ऐवजी ६० अंशांची चढ झाली असे धरा. डिसेंबरात ८२, कोणाच्या लक्षातही येणार नाही. मेमध्ये १००, आणि यंत्र मंदावते! दुखणे हिवाळ्यातच जडलेले असते, उन्हाळा फक्त ते उघडकीला आणतो.

म्हणून माझे सांगणे असे, की आपल्याकडे दोन चढणी करून ठेवाव्यात. एक उन्हाळ्याची, एक बाकीच्या दिवसांची. हिवाळ्यात पन्नास अंशांपर्यंत पंखा तीस टक्क्यांवर, पासष्टला पन्नास टक्के, ऐंशीला ऐंशी टक्के, आणि पुढे पूर्ण, असे चालेल. उन्हाळ्यात काही काम नसतानाही यंत्र पन्नाशीत असते, तेव्हा पंचावन्नपर्यंत चाळीस टक्के, सत्तरला पासष्ट, ऐंशीला पंच्याऐंशी, आणि पंच्याऐंशीला पूर्ण वेग ठेवावा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपले यंत्र आणि आपली खोली पाहून ते दोन-चार अंशांनी इकडेतिकडे करावेत. आणखी एक. प्रोसेसरचे तापमान क्षणात दहा अंश वर जाते आणि क्षणात उतरते. प्रत्येक उडीला पंखा धावू लागला तर तो सारखा घूं-घूं करीत राहतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये 'दोन-चार सेकंद थांबून मग वेग बदल' असे सांगण्याची सोय असते. ती जरूर वापरावी.

पाण्याच्या कूलरबद्दलही थोडे सांगायला हवे. त्यात पंप पाणी फिरवतो, पाणी उष्णता उचलते, आणि जाळीशी येऊन हवेला देते. भट्टीचेच तत्त्व. मोठ्या प्रोसेसरला तो फार उपयोगी पडतो. पण त्याची जाळीही शेवटी खोलीच्याच हवेवर अवलंबून असते. चाळीस अंशांच्या कोंदट कोपऱ्यात बारा हजारांचा कूलर बसवला तरी तो बर्फ तयार करणार नाही. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी एक नियम पाळावा. पंख्यांची चढण आखा, पण पंपाचा वेग सारखा वर-खाली करू नका. तो एकसारखा चालू द्या. आणि ज्या संचात पाण्याचे तापमान कळते, तिथे पंखे पाण्याच्या तापमानावर लावा. पाणी सावकाश तापते, सावकाश निवते, म्हणून पंखेही शांतपणे चालतात.

खोलीतल्या आपल्या नेहमीच्या वाळ्याच्या कूलरचे काय? कोरड्या हवेत तो खोली आठ-दहा अंशांनी उतरवतो, आणि त्याचा फायदा संगणकालाही होतो. आतले भाग हवेपेक्षा गरमच असल्यामुळे त्यांवर दव धरण्याची भीती नसते. भीती असते ती उडणाऱ्या तुषारांची. बोअरचे क्षाराचे पाणी आणि धूळ यांचा चिखल एकदा जाळीत बसला की निघता निघत नाही. तेव्हा कूलरचा झोत थेट संगणकावर सोडू नये.

आता दिव्यांकडे वळू. ही रोषणाई शक्य झाली त्यामागे मोठे शास्त्र आहे. लाल आणि हिरवे एलईडी दिवे फार पूर्वीपासून होते. निळा काही साधत नव्हता. तो साधला १९९० नंतरच्या दशकात, आणि त्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. लाल, हिरवा, निळा हे तीन मिळाले की बाकीचे रंग आपोआप हाती येतात. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या धरल्या तर एका दिव्याला १,६७,७७,२१६ छटा दाखवता येतात. योगायोग असा, की त्याच २०१४ साली कॉर्सेअर आणि रेझर या कंपन्यांनी रंग बदलणारे कळफलक बाजारात आणले, आणि पाहता पाहता पंखे, मेमरी, माऊस, सगळीकडे दिवाळी सुरू झाली.

साध्या पट्टीवर सगळे दिवे एकाच रंगाचे लागतात. नव्या पट्टीत प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो, आणि तोही एकाच तारेवरून. कसा? पंगतीत पत्रावळींची चळत पहिल्याच्या हाती देतात. तो वरची एक आपल्यापुढे ठेवतो, बाकीची चळत शेजाऱ्याकडे सरकवतो. तसाच पट्टीवरचा पहिला दिवा आलेल्या निरोपातला पहिला रंग ठेवून घेतो आणि उरलेला निरोप पुढच्याकडे ढकलतो.

इथे एक धोक्याची सूचना. जुन्या साध्या पट्टीला १२ व्होल्ट लागतात आणि तिची जोडणी चार पिनांची असते. नवी पट्टी ५ व्होल्टची, तीन पिनांची. पाच व्होल्टची पट्टी बारा व्होल्टांवर जोरजबरदस्तीने बसवली तर ती जळते. मदरबोर्डावर व्होल्टेज छापलेले असते. ते वाचल्याशिवाय हात लावू नये. ही चूक कोणतेही सॉफ्टवेअर दुरुस्त करीत नाही.

माऊस आणि कळफलकाचे काम थोडक्यात सांगतो. माऊस एक इंच सरकला की पडद्यावरचा बाण किती सरकावा, हा एक आकडा, त्याला डीपीआय म्हणतात. माऊसने संगणकाला सेकंदातून किती वेळा खबर द्यावी, हा दुसरा. साधा माऊस १२५ वेळा देतो, म्हणजे दर आठ हजारांश सेकंदाला एकदा. खेळाचा माऊस हजार वेळा. हे आकडे एकदा मनासारखे जुळले की रोज बदलायचे नसतात. पुष्कळशा माऊसांच्या पोटात थोडी मेमरी असते. आकडे त्यात साठवून ठेवावेत आणि ते सॉफ्टवेअर संगणकावरून खुशाल काढून टाकावे. माऊस दिलेला हुकूम विसरत नाही.

'काढून टाकावे' असे मी का म्हणतो? कारण हे सॉफ्टवेअर म्हणजे घरातला कारभारी आहे. तापमान वाचायचे, पंखा फिरवायचा, मेमरीवरचा दिवा रंगवायचा, तर त्याला यंत्राच्या अगदी आतल्या खोलीत शिरावे लागते. साधी पत्र लिहिण्याची किंवा गाणी वाजवण्याची सॉफ्टवेअरे ओसरीवर बसतात. हा कारभारी तिजोरीच्या किल्ल्या मागतो. आपणही दिव्यांच्या हौसेपायी न वाचता 'हो' म्हणून टाकतो.

किल्ल्या चुकीच्या हाती गेल्या तर काय होते, याची उदाहरणे घडलेली आहेत. २०१८ साली आसूस कंपनीच्या लाइव्ह अपडेट या सॉफ्टवेअरमध्येच चोरट्यांनी आपला कार्यक्रम घुसवला आणि तो कंपनीच्याच शिक्क्यानिशी लोकांच्या संगणकांवर पोहोचला. ही गोष्ट मार्च २०१९ मध्ये कॅस्परस्की या संस्थेने उघडकीस आणली. ऑगस्ट २०२१ मध्ये असे दिसून आले, की रेझरचा माऊस नुसता विंडोज संगणकाला जोडला, तरी त्याच्या सॉफ्टवेअरच्या आपोआप होणाऱ्या स्थापनेचा आडमार्ग धरून कोणालाही त्या संगणकाचा सर्वाधिकार मिळवता येतो. कंपनीने ती उणीव दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. तिसरी गोष्ट त्याहून बोधप्रद आहे. विनरिंग-झीरो नावाचा एक छोटा ड्रायव्हर पुष्कळ पंखेवाले आणि दिवेवाले कार्यक्रम आतल्या खोलीची किल्ली म्हणून वापरीत. त्यातली उणीव २०२० साली नोंदली गेली होती. मार्च २०२५ मध्ये विंडोजच्या पहारेकऱ्याने, म्हणजे डिफेंडरने, त्याला धोकादायक ठरवून अडवायला सुरुवात केली, आणि पुष्कळ लोकांचे पंखे सांभाळणारे कार्यक्रम चालता चालता अडखळले.  किल्ली खोटी आहे म्हटल्यावर पहारेकरी तिला आत सोडणार कसा?

आणि एका घरात चार कारभारी असले तर? मदरबोर्ड एका कंपनीचा, मेमरी दुसऱ्या, माऊस तिसऱ्या, पंखे चौथ्या. प्रत्येकाचा आपला कारभारी. चौघेही सुरुवातीलाच जागे होतात, चौघेही मेमरी खातात, आणि एकाच पंख्याला एक 'धाव' म्हणतो तर दुसरा 'थांब'. मेमरीवरच्या दिव्यांशी बोलण्याची आतली वाट अरुंद आहे. त्या वाटेवर दोन कार्यक्रम एकाच वेळी शिरल्यामुळे मेमरीपट्टीची स्वतःची ओळख सांगणारी माहितीच बिघडल्याच्या तक्रारीही मागे झाल्या आहेत. दिव्याच्या रंगापायी मेमरी गमवावी, हा कुठला व्यवहार!

या भाऊगर्दीवर उपाय निघाले आहेत. अ‍ॅडम होन्स यांनी सुरू केलेला ओपन-आरजीबी हा मुक्त कार्यक्रम अनेक कंपन्यांचे दिवे एका ठिकाणाहून चालवतो, आणि तो विंडोजप्रमाणे लिनक्सवरही चालतो. मायक्रोसॉफ्टने २०२३ साली विंडोज ११ मध्येच 'डायनॅमिक लायटिंग' ही सोय आणली. ज्या वस्तू तिचा ठराव पाळतात त्यांच्यासाठी वेगळा कारभारी लागत नाही. पंख्यांसाठी फॅन कंट्रोल नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम आहे. त्याची एक खरी उपयुक्तता सांगतो. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांपैकी जो अधिक तापला असेल त्याच्या हिशेबाने कॅबिनेटचे पंखे त्याला चालवता येतात. मदरबोर्डाच्या मूळ व्यवस्थेला बहुधा ग्राफिक कार्डाचा ताप कळत नाही.

ती मूळ व्यवस्था म्हणजे बायॉस. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू ही कळ दाबली की बहुतेक यंत्रांत ती उघडते. पंख्यांची मुख्य चढण तिथेच भरावी, हा माझा आजचा सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. विंडोज बिघडले, कार्यक्रम अडला, वीज जाऊन परत आली, तरी बायॉसमधला हुकूम कायम असतो. त्यावर वाटल्यास एक कारभारी ठेवावा. एकच.

आता मावसभावांच्या घरी काय झाले ते सांगतो. मी गेलो तेव्हा यंत्र एखाद्या नव्या नवरीसारखे झगमगत होते. वीज बंद केली, तारा काढल्या, काच उतरवली. समोरच्या जाळीवर कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा नमदा बसलेला. कॅबिनेटची पाठ भिंतीला चिकटलेली, म्हणजे आतली गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा आत. ब्रशने आणि फुंकणीने सगळे साफ केले. फुंकताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले, कारण पंखा वाऱ्याने गरगर फिरला तर तो उलट वीज तयार करतो आणि नाजूक भागांना अपाय होऊ शकतो. मग यंत्र सुरू करून पाहिले तो काय, पंख्यांवर दोन कारभारी! त्यातल्या एकाने स्वतःला नवे करून घेताना आधीची चढण पुसून टाकली होती आणि 'शांत' नावाची आपली मूळ चढण लावून ठेवली होती. प्रोसेसर नव्वदीच्या घरात आणि पंखे मात्र दुपारच्या डुलकीत! दिव्यांना अर्थात याची काही खबर नव्हती. दिव्यांना वीज मिळाली की ते लागतात; यंत्राच्या प्रकृतीशी त्यांचा काही संबंध नसतो.

दोन्ही कारभारी काढले. बायॉसमध्ये उन्हाळ्याची चढण भरली. टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. संध्याकाळी तीच फीत लावली. त्रेचाळीस मिनिटांत झाली, आणि तापमान ऐंशीच्या आसपास राहिले. बारा हजार रुपये वाचले. मावसभावांनी काही न बोलता पोराच्या पाठीवर हात ठेवला. मुलगा थोडा खट्टू होऊन म्हणाला, "पण काका, दिवे?" मी म्हटले, "अरे, दिवे लाव की! आता त्यांच्यासाठी एक कार्यक्रम पुरे. फक्त प्रोसेसर तापला की दिवा लाल होईल असं त्यात सांगून ठेव. म्हणजे नुसती शोभा न राहता तो तुला खबरही देईल." ही सोय बऱ्याच कार्यक्रमांत असते. त्याला ती ठाऊक नव्हती. पाच मिनिटांत त्याने ती करून दाखवली, आणि दिव्यांना प्रथमच काही काम मिळाले.

श्रोतेहो, जालन्याला जुनी मंडळी 'सोने का पालना' म्हणत आली आहेत. या पालन्यातल्या मुलांच्या हाती आज महागाची यंत्रे आली आहेत, आणि ती कोणाच्या तरी घामातून आली आहेत. तेव्हा घरी असे यंत्र असेल तर चार गोष्टी करा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाळी साफ करा. यंत्राच्या मागेपुढे वीतभर मोकळी हवा ठेवा. पंख्यांची चढण बायॉसमध्ये भरा आणि होळी झाली की ती बदला. आणि कारभारी ठेवायचाच तर एक ठेवा, तो कंपनीच्या किंवा कर्त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्या, आणि महिन्यातून एकदा त्याचे हिशेब, म्हणजे तापमान आणि पंख्यांचे आकडे, आपल्या डोळ्यांनी तपासा. एवढे केल्यावर रोषणाई हवी तेवढी करा. घराचा कारभार नीट चाललेला असला, की दारातल्या दिव्यांना शोभा येते.